वायफाय आतल्या खोलीपर्यंत का पोहोचत नाही

मुंबईतल्या घरांमध्ये वायफायची तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच शब्दांत केली जाते: "हॉलमध्ये छान चालतं, आतल्या खोलीत गेलं की अडकतं." तक्रार सगळीकडे सारखी असली तरी तिच्यामागची कारणे घरागणिक वेगळी असतात. काही घरांत भिंती लहरींना अडवतात. काही घरांत लहरी कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचलेल्या असतात, पण शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी इतकी असते की आपल्या राउटरला बोलायला वेळच मिळत नाही. एका घराला जो उपाय लागू पडतो, तोच दुसऱ्या घरात पैसे फुकट घालवतो. म्हणून नवा राउटर किंवा रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारा डबा) विकत घेण्याआधी आपल्या घरात यांपैकी नेमके काय चालले आहे ते तपासून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. मुलांचे क्लास, घरून करायचे काम, आजीची डॉक्टरांशी व्हिडिओवर होणारी भेट, हे सगळे आता त्या एका डब्यावर अवलंबून आहे. तेव्हा त्याच्यासाठी एक संध्याकाळ काढणे मला अजिबात जास्त वाटत नाही.

सर्वांत आधी दोष वायफायचा आहे की बाहेरून येणाऱ्या जोडणीचा, हे ठरवावे लागते. सोसायटीच्या टाकीत पाणी भरपूर असूनही एखाद्या घराच्या नळाला धार नसते, तसेच तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या घरातल्या फोनपर्यंत पंधरासुद्धा पोहोचत नाहीत. टाकी भरली आहे का, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा, वायफाय बंद करावे आणि वेग मोजावा. केबलवर पूर्ण वेग मिळत असेल तर दोष घरातला आहे. केबलवरही मिळत नसेल तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करावा, आणि तो संध्याकाळचा वेग मोजून करावा, कारण सगळी इमारत घरी परतल्यावर मिळणारा वेग हाच खरा. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे फायबर बऱ्याचदा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओढलेले असते, आणि वाऱ्यापावसात ते ताणले किंवा दुमडले गेले की घरातल्या डब्यावर 'लॉस' असे लिहिलेला लाल दिवा लागतो. तो दिवा लागलेला असताना राउटर इकडेतिकडे हलवून काहीही होणार नाही, कारण फायबरमधून माहिती वाहून आणणारा प्रकाशच आपल्यापर्यंत आलेला नसतो.

जोडणी ठीक असेल तर घर मोजायला घ्यावे. फोनवर दिसणाऱ्या तीन-चार वक्र रेषा यासाठी पुरेशा नाहीत. अँड्रॉइड फोनवर वायफाय अॅनालायझर या प्रकारची मोफत अॅप्स मिळतात, ती सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवतात. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्तपणे चालतो, उणे ७० च्या पुढे वेग घसरू लागतो आणि उणे ८० च्या आसपास जोडणी टिकणेच कठीण होते. या मोजपट्टीवर दहाचा फरक म्हणजे ताकद दहापटीने कमी, आणि तीनचा फरक म्हणजे निम्मी.

मुलुंडच्या आमच्या घरात मी फोन हातात धरून हळूहळू चालत गेले तेव्हा आकडे असे होते: हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला उणे ४०, पॅसेजच्या वळणावर उणे ५८, आतल्या बेडरूममध्ये दार उघडे असताना उणे ७१, दार लावल्यावर उणे ७४, आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जिथे अभ्यासाचे टेबल आहे नेमके तिथे, उणे ८१. अशा फेरीत महत्त्वाचे असते ते आकडा कुठे एकदम पडतो हे शोधणे. अंतरामुळे होणारी घट हळूहळू होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की साधारण सहा डेसिबल, म्हणजे त्या आकड्यातले सहा, कमी होतात. दोन पावलांत बारा-पंधरा डेसिबल गेले असतील तर त्या दोन पावलांच्या मध्ये जे काही उभे आहे, तेच अडथळा आहे.

आमच्याकडे ती भिंत होती. जुन्या इमारतींमध्ये आतल्या भिंती विटांच्या असत आणि कित्येक घरांत नुसती लाकडी पार्टिशने असत. पुनर्विकासानंतर उभ्या राहणाऱ्या बहुतेक उंच इमारतींमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतले जातात. बांधकामावरची माणसे त्याला 'मायवन' म्हणतात. या पद्धतीत दोन खोल्यांमधली साधी भिंतसुद्धा लोखंड घातलेल्या काँक्रीटची असते. खिळा ठोकायला गेल्यावर ड्रिल मशीन किती कुरकुरते, त्यावरून ती भिंत लगेच ओळखू येते. वायफायच्या दृष्टीने लाकूड, प्लायवूड, साधी काच या गोष्टी फारशा त्रासदायक नाहीत, विटेची भिंत मध्यम त्रासाची आहे, आणि काँक्रीट सर्वांत वाईट. नव्या काँक्रीटमध्ये ओलही बराच काळ राहते, आणि पाणी या लहरी शोषून घेते.

हे शहर सध्या मोठ्या प्रमाणावर घर बदलते आहे, म्हणून हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. वरळीच्या बीडीडी चाळींमध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. एका खोलीच्या घरात राउटर कुठेही ठेवला तरी चालत असे. नव्या घरात खोल्या वेगळ्या, भिंती काँक्रीटच्या, आणि मुख्य दारापासून शेवटच्या खिडकीपर्यंत दोन-तीन भिंती मध्ये. तोच राउटर, तोच प्लॅन, आणि तरीही "नव्या घरात नेटच चालत नाही" असे लोक म्हणतात, तेव्हा ते खरेच सांगत असतात.

भिंतीखालोखाल घरातले सामान. लोखंडी कपाट, फ्रिज, आणि कपाटाच्या दाराला लावलेला माणसाच्या उंचीचा आरसा, ज्याच्या मागचा धातूचा मुलामा लहरी परतवून लावतो. आपल्याकडे आणखी एक खास अडथळा आहे तो म्हणजे बाथरूमच्या वर माळ्यावर बसवलेली पाण्याची टाकी. हॉल आणि बेडरूमच्या मध्ये संडास-बाथरूम असलेली रचना मुंबईत सर्रास दिसते, आणि तिथे टाइल्स, पाइप, भिंती आणि दोनशे-तीनशे लिटर पाणी, एवढे सगळे एकाच रेषेत येते. ती रेषा टाळता आली तर टाळावी.

राउटरची जागा ठरवणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि आपण नेमका तोच निर्णय बसवायला आलेल्या माणसावर सोडतो. त्याच्या दृष्टीने सोयीची जागा म्हणजे वायर घरात शिरते ती: मुख्य दाराच्या वर किंवा चपलांच्या कपाटाच्या बाजूला. तिथून निम्म्या लहरी जिन्यात आणि समोरच्यांच्या घरात जातात. शेजारच्या वहिनींकडे नवी जोडणी आली तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबले होते. त्या म्हणाल्या, "दादा, हा बॉक्स दारावर नको, आत पॅसेजच्या तोंडाशी लावा ना." तो म्हणाला, "ताई, तिथपर्यंत वायर खेचावी लागेल, केसिंग-पट्टी तुमची." पट्टी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आली, वायर छताच्या कडेने पॅसेजपर्यंत गेली, आणि त्यांच्या आतल्या खोलीतला आकडा उणे ७६ वरून उणे ६३ वर आला. त्या बदलासाठी नवे काहीही घ्यावे लागले नाही. फायबर मात्र वळणावर काटकोनात दुमडू देऊ नये, मोठी गोलाई ठेवावी. दुमडले की प्रकाश वळणातून बाहेर निसटतो.

राउटर डोक्याच्या उंचीच्या आसपास आणि मोकळा असावा. टीव्हीच्या मागे, शोकेसच्या बंद कप्प्यात किंवा जमिनीवर ठेवू नये. टीव्हीच्या मागे धातूचा मोठा पत्रा असतो, आणि बंद कप्प्यात तो डबा मुंबईच्या उकाड्यात आणखी तापतो. अँटेनांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आढळतो. उभ्या अँटेनेतून लहरी तिच्या टोकाच्या दिशेने फार कमी जातात, बाजूंना पसरतात. म्हणून एकाच मजल्यावरच्या घरात अँटेना उभ्याच ठेवाव्यात, खोलीच्या दिशेने रोखून धरू नयेत. चारच्या जागी सहा अँटेनांचा राउटर घेतल्यानेही दूरची खोली आपोआप जवळ येत नाही, कारण संवाद दोन्ही बाजूंनी व्हायचा असतो. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा रेडिओ लहान आणि बॅटरी वाचवणारा असतो, त्याचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचले पाहिजे. फोनवर सिग्नल पूर्ण दिसतो आणि तरी व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला आपला आवाज तुटक ऐकू जातो, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

राउटर ज्या दोन बँडांवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर, बोलतो त्यांविषयी थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते, ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याहून थोडी लहान असते, वेग जास्त देते, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. राउटर दोन्हींना एकच नाव देत असेल तर कुठला बँड पकडायचा हे फोन ठरवतो, आणि काही फोन चुकीच्या बँडला घट्ट धरून बसतात. तपासणीपुरती दोन वेगळी नावे ठेवली तर कुठल्या खोलीत काय चालते ते स्पष्ट कळते.

आता गर्दीची बाजू. लालबागला माझी मावशी चाळीत राहते. तिच्या खोलीत कुठेही उभे राहिले तरी आकडा उणे ५० च्या अलीकडे असतो, म्हणजे सिग्नलची काहीच अडचण नाही, आणि तरीही रात्री नऊनंतर तिच्या नातवाचा व्हिडिओ अडत असे. अॅपमध्ये आजूबाजूची यादी उघडली तेव्हा नावे संपता संपेनात: खोलीचे नंबर, 'बाप्पा मोरया', मंडळाचे नाव, कुणाचे 'आमचंच आहे', कारखान्यातून आले तसे अक्षरे-आकड्यांचे नाव. त्यांतली जवळजवळ सगळी २.४ गिगाहर्ट्झवर होती. या बँडमध्ये आकड्यांनी तेरा चॅनेल, म्हणजे बोलण्याच्या वाटा, दिसत असली तरी एकमेकांवर न चढणारी तीनच आहेत: १, ६ आणि ११. वायफायची शिस्त अशी आहे की प्रत्येक उपकरण आधी ऐकते, कुणी बोलत नसेल तरच बोलते. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांना ओळखून पाळी लावतात; पण कुणी ३ किंवा ४ असे मधले चॅनेल निवडले, तर तो १ आणि ६ या दोघांनाही नुसता गोंगाट होऊन बसतो आणि त्याला स्वतःलाही दोन्ही बाजूंचा त्रास होतो. म्हणून रिकामे दिसणारे मधले चॅनेल घेण्यापेक्षा १, ६, ११ यांपैकी कमी गर्दीचे घेणे केव्हाही बरे. चॅनेलची रुंदीही २० मेगाहर्ट्झवरच ठेवावी; ४० वर ठेवले तर उपलब्ध जागेतला बहुतेक भाग आपण एकटेच अडवतो, आणि गर्दीत त्याचा फायदा आपल्यालाही होत नाही. मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. दूध गरम करताना कॉल तुटत असेल तर ते त्याचेच काम.

मावशीकडे खरा उपाय ५ गिगाहर्ट्झचा ठरला. उंच इमारतीत ज्या भिंतीचा त्रास होतो तीच चाळीत कामाला येते, कारण शेजारच्यांचे ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडून फारच मंद होऊन येते आणि एका खोलीच्या घरात आपला राउटर तर समोरच असतो. फोन आणि टीव्ही त्या बँडवर नेले, टीव्हीला पुढे केबलच लावली, आणि रात्रीचा त्रास संपला. जागेवरून न हलणारी वस्तू केबलवर गेली की हवेतली तेवढी जागा बाकीच्यांना मोकळी होते.

५ गिगाहर्ट्झवर चॅनेल निवडताना एक गोष्ट मुंबईकरांनी जाणून घेण्यासारखी आहे. भारतात २०१८ मध्ये या बँडमधला मोठा पट्टा घरगुती वायफायसाठी परवान्याविना खुला झाला, त्यामुळे चॅनेल भरपूर आहेत. त्यांतल्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर मात्र रडारचा अधिकार आधी मानला जातो. अनेक राउटर या चॅनेलांवर असताना सतत कान देऊन असतात, आणि रडारसारखे स्पंदन ऐकू आले की चॅनेल तत्काळ सोडतात. त्याच गटातले दुसरे चॅनेल घ्यायचे तर आधी किमान मिनिटभर ऐकत थांबावे लागते. हवामान खात्याचे एक डॉप्लर रडार अंधेरी-जोगेश्वरीजवळ वेरावलीला २०२२ पासून आहे, आणि ते सी बँड प्रकारचे आहे. या प्रकारची हवामान रडारे साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे चॅनेल १२० ते १२८ च्या शेजारात. पश्चिम उपनगरांत राहणाऱ्यांचे ५ गिगाहर्ट्झ मधूनच मिनिटभर नाहीसे होऊन परत येत असेल, तर राउटर 'ऑटो'वर न ठेवता ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक चॅनेल पक्के करून पाहावे.

राउटरची जागा आणि चॅनेल दोन्ही नीट झाल्यावरही आतली खोली कोरडी राहिली, तरच उपकरणे विकत घेण्याचा विचार करावा. बाजारात सर्वांत आधी पुढे केला जातो तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर. तो एकाच रेडिओने ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून साध्या रिपीटरमागे वेग निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो सिग्नल नसलेल्या खोलीतच लावतात. जिथे त्यालाच उणे ८० मिळते तिथून तो पुढे काय देणार? तो मधे, उणे ६० ते ६५ मिळते अशा ठिकाणी लावावा लागतो. मेश संच, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या डब्यांचे संच, यापेक्षा चांगले, कारण त्यांचे डबे आपापसांत समजून काम वाटून घेतात आणि फोनला योग्य डब्याकडे वळवतात. पण काँक्रीटच्या भिंतीतून त्यांचाही आपसांतला संवाद मंदावतो.

माझा कौल स्पष्टपणे केबलच्या बाजूने आहे. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल न्यावी आणि तिच्या टोकाला दुसरा साधा राउटर लावावा. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आपल्या घरांत वीस मीटरच्या वर क्वचितच लागते, आणि भिंतीचा प्रश्नच उरत नाही. जुन्या जोडणीचा पडून असलेला राउटर यासाठी चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करावे, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्यावा, आणि केबल त्याच्या 'वॅन' नव्हे तर 'लॅन' लिहिलेल्या भोकात लावावी. नाव आणि पासवर्ड दोन्हींचे सारखे ठेवले तर घरातल्या घरात फिरताना फोन स्वतःच एकावरून दुसऱ्यावर जातो. चॅनेल मात्र वेगळे ठेवावे. सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए२ किंवा त्यापुढचे निवडावे. जुना टीकेआयपी पर्याय राहिला तर सुरक्षा कमकुवत होतेच, शिवाय वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

केबल ओढून घेताना एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्यावी. लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या जोड्या पिळलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढरी जोडीदार. शंभर एमबीपीएसपर्यंतचे काम चार तारांवर होते, म्हणून काही कारागीर घाईत चारच तारा पिनमध्ये दाबतात आणि बाकीच्या कापून टाकतात. जोडणी चालू होते, दिवा लागतो, कुणाला शंका येत नाही. पण प्लॅन तीनशेचा असला तरी वेग ९४-९५ च्या वर हलत नाही. हा आकडा दिसला की पारदर्शक पिन उजेडात धरून आत आठ रंग मोजावेत. आमच्या टेबलाशी आलेल्या केबलची पिन अशीच पुन्हा मारून घ्यावी लागली, आणि त्यानंतर त्या कोपऱ्यात, जिथे आधी उणे ८१ होते, पूर्ण वेग मिळू लागला. केबल विजेच्या तारांच्या नळीतून मात्र नेऊ नये. ते धोक्याचे आहे आणि व्यत्ययही येतो. टीव्ही किंवा टेलिफोनसाठी भिंतीत बसवलेली रिकामी नळी असेल तर इलेक्ट्रिशियन स्प्रिंग घालून त्यातून केबल ओढून देतो, आणि भिंतीवर काहीच दिसत नाही.

पुनर्विकासाच्या करारावर सध्या ज्यांच्या सोसायटीत चर्चा चालू आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की सुखसोयींच्या यादीत टाइल्स आणि नळांच्या कंपन्यांबरोबर हीही मागणी लिहून घ्यावी: मजल्यावरच्या डक्टपासून घराच्या मध्यापर्यंत एक, आणि तिथून प्रत्येक खोलीपर्यंत एक, अशी फक्त डेटा केबलसाठी रिकामी नळी, आणि मध्यावर छताजवळ विजेचा एक पॉइंट. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम आणले आहेत, तेव्हा बिल्डरपुढे ही मागणी ठेवताना संकोच करण्याचे कारण नाही. स्लॅब आणि भिंती ओतण्याआधी ही नळी टाकायला खर्च अगदी किरकोळ येतो. एकदा काँक्रीट ओतले की पुढची तीस-चाळीस वर्षे त्या घरात राहणाऱ्यांना केसिंग-पट्टीच लावावी लागते.